एकवीस तारा

टाळूवर गार जेल लावताना तावेत विचारतो,
"माझे विचार दिसतील का तुला?"
नाही रे. बंद दारापलीकडे कुणी चाललं
की फळी करकरते ना, तेवढंच.
"कोण चालतंय, ते नाही?"
ते नाही.
त्याचे खांदे जरासे खाली येतात.

वय चौदा. शाळेची चिठ्ठी: लक्ष नाही. कशातच.
खाली पेन्सिलनं, आईचं अक्षर:
सप्टेंबरपासून हसलेला नाही.

बाहेर तार्तूत चार वाजायच्या आतच रात्र,
नदी कडेकडेनं गोठत आलेली.

डोळे मीट, म्हणते.
आणि डोक्याच्या मागच्या तारांवर
सेकंदाला दहा, अगदी नेमानं,
लाटा येऊ लागतात.
इतकी वर्षं पाहतेय, तरी दर वेळी वाटतं
आत कुणीतरी कंदिलाची वात बारीक केली.
उघड. गेल्या.

मग खेळ. पिवळा गोल दिसला की बटण दाब,
निळा आला तर नको.
दाबतो. दाबतो. चुकतो.
पडद्यावर रुंद, आळसट लाटा.
मी नोंदते: ३:५२, लक्ष ढळलं.
ढळून गेलं कुठे, याला रकाना नाही.

कुठे होतास?
"रेडिएटर," तो म्हणतो. "तीनदा ठोकतो,
थांबतो, मग एकदाच.
मी त्या एकाची वाट बघत होतो."

अकरा वर्षं मी या खोलीत बसते.

किती छान, असं म्हणणार होते. गिळलं.
गणिताच्या पेपरात, रात्री दोनला,
आई बोलत असताना
डोक्यात तो एक ठोका यायचाच राहिलेला,
हे माझ्या वाट्याला नाही, त्याच्या आहे.

कपाळाच्या डाव्या बाजूला जरा मंद.
त्याचा अर्थ असेल, नसेलही.
पुढच्या आठवड्यात डॉक्टर कायदो
"शक्यता" हा शब्द चार वेळा वापरतील
आणि आई पाचव्यांदा विचारेल.

कोमट पाण्यानं जेल धुताना त्याचं डोकं
माझ्या तळहातावर टेकतं, कलिंगडाएवढं जड.
"घरी पण येतात का त्या? डोळे मिटल्यावरच्या?"
येतात.
"कुणी बघत नसलं तरी?"
तरी.
"बरं."

ओल्या केसांवर तो टोपी चढवतो, उलटी.
बोळात आई ती सरळ करायला हात उचलते,
मग राहू देते.