इकडून या

मोठं गेट फोटोपुरतं. ते उघडतं पदवीदानाला,
नाहीतर कुणी गेलं तर.
आपण इकडून जाऊ, या सायकलींच्या मधून.
पिशवी द्या, वहिनी. नाही? बरं.

तर हे माटुंगा. आमच्यापुरतं एवढंच:
या रेनट्रीपासून त्या झेरॉक्सपर्यंत.
पलीकडे मुंबई आहे म्हणतात. परीक्षेच्या दिवसांत
तिचा हॉर्नसुद्धा इथे दबकत वाजतो.

झेरॉक्सवाले वीरजीभाई गाला.
माणूस समोर आला की आधी त्याची जाडी बघतात,
किती पानांचा असेल.
पोरं नापास झाली की यांचाच चेहरा उतरतो,
"शाई फिकी होती का हो माझी?"

खानावळी दोन. अय्यरांकडे सकाळी जायचं.
रात्रीचं सांबार सकाळचंच असतं,
फक्त दमलेलं.

आणि ही रसायनाची इमारत.
वास येतोय? तो माझाच समजा.
चौतीस वर्षं काचा धुतल्या, बेसिन नंबर अकरा.
बाहीला हे भोक आहे ना, ते एका पोराचं.
तो जर्मनीत असतो आता. दिवाळीला फोन करतो,
"काका, शर्ट टाकला नाही ना?"

वडील उदगीरचे. फीची पावती
घड्या घालून घालून चिंधीसारखी मऊ झालेली.
विचारतात, तुम्ही कोणत्या सालचे विद्यार्थी?

मी? बाकावर कधी बसलो नाही हो.
पुसले मात्र सगळे.
कुणी कुणाचं नाव कोरलंय, पाठ आहे.

"संयोगिता कुठाय?" आई थबकते.
आत्ता इथेच तर होती.
जिना पाहिला, नळ पाहिला,
नोटीसबोर्डासमोर भलतीच एक मुलगी.

मग मागच्या भिंतीकडून आली,
चार पेले दोन्ही हातांत, बोटं भाजत.
"तिथे एक वीट निघालीय, काका.
पलीकडचा माणूस भोकातून चहा देतो.
पैसे उद्या द्या म्हणाला."

चौतीस वर्षं,
आणि ही वीट मला ठाऊक नाही.

आईनं पिशवी खाली ठेवली, पहिल्यांदाच.
आम्ही उभ्यानंच प्यायलो. आलं जास्त होतं.

आज आलो ते तुमच्या मेहुण्यांचा शब्द म्हणून.
जूनमध्ये रिटायर झालो, किल्ल्या देऊन टाकल्या.
उद्या इकडे यायचं काही कारण नव्हतं.

राहू दे, पोरी. पैसे मी देतो उद्या.