उरलेला टंपेट

माझे पुढचे चार दात गेले तेव्हा
बँडमास्तरने हातात खुळखुळा दिला,
म्हणाला, हरेश्वर, ताल तरी धर.
बत्तीस वर्षं वेसाव्याच्या हळदी वाजवल्या मी.
दोन हळदी खुळखुळा हलवला
आणि घरी बसलो.

टंपेट त्याआधीच गेला होता
होडीच्या इंजिनात.
म्हणजे तो विकला आणि पंप आणला.
माउथपीस तेवढा दिला नाही.
का, ते विचारू नका.
बायको विचारून थकली.

आता तो भावाच्या पोरीकडे असतो,
भाविकाकडे, चौथीतल्या,
दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात, सुट्या पैशांत.
जवळा निवडलेल्या बोटांनीच काढते
आणि फुंकते.

पहिले आठ दिवस नुसती हवा.
मग एका दुपारी असा आवाज निघाला
की वलांडीखालची मांजरं उठून गेली,
शेजारची मथुराबाय ओरडली,
कुणाचं बकरू अडकलंय बघा रे!
ही धावत माझ्याकडे:
"काका, सा होता ना तो?"

सा नव्हता.
कुठल्याच पट्टीत बसणारा नव्हता.
मी म्हटलं, साच्या गल्लीत शिरलीस,
घर अजून सापडायचंय.

ओठ घट्ट. गाल फुगवायचे नाहीत.
समोर मेणबत्ती आहे असं समज,
विझवायची नाही, नुसती हलवायची.
मी सांगत राहतो
आणि सांगताना माझ्याच फटीतून शिट्टी वाजते.
ती पोट धरून हसते,
डोळे पुसते, पुन्हा फुंकते.

शाळेत बाईंनी लिहायला सांगितलं, मोठेपणी कोण होणार.
हिने लिहिलं, टंपेटवाली.
बाईंनी लाल शाईने खोडून वर केलं, संगीतकार.
वही घेऊन आली, तोंड एवढंसं.
"संगीतकार काय वाजवतो, काका?"
मला सांगता आलं नाही.

काल जेट्टीवर बर्फाच्या गाडीची वाट बघत
बसलो होतो दोघं, पाय खाली सोडून.
ओहोटी. चिखलात रुतलेल्या होड्या, डिझेलचा वास.
माउथपीस दुर्बिणीसारखा डोळ्याला लावून
ती पलीकडचं मढ बघत होती.
तसंच बघत विचारलं,
"उरलेला टंपेट केवढ्याला येईल?"

मी आकडा सांगितला. खरा.

तिने बोटांवर काहीतरी मोजलं,
स्वतःची संपली तेव्हा माझी घेतली,
तिथेही पुरं पडेना.
जरा वेळ गप्प.
मग माउथपीस फ्रॉकला पुसून म्हणाली,
बरं.
तो मी बघते.
तू दात बसवून घे.