व्युत्पत्तीचा रकाना

मुंगूस या शब्दाची चिठ्ठी
अकरा दिवस माझ्या टेबलावर पडून आहे.
अर्थ लिहून झाला: भुरं, लांब शेपटीचं,
सापाशी वैर असलेलं जनावर.
लिंग नपुंसक. सामान्यरूप मुंगसा.
सगळं बिनतक्रार.
फक्त व्युत्पत्तीचा रकाना कोरा.

उपासनी सरांनी त्यात पेन्सिलीने 'सं.' लिहिलं,
पुढे प्रश्नचिन्ह काढलं
आणि ते चहाला गेले.

संस्कृतात तो नकुल.
न-कुल, कुळ नसलेला,
अशी फोड कुणीतरी करून ठेवलीय.
(फोड इतकी सोपी असली की मला तिचा संशय येतो.)
नकुलाला घासत घासत गेलं की नेवला निघतो,
गुजरातीतला नोळियो निघतो.
मुंगूस काही निघत नाही.
माहीत होते तेवढे ध्वनिनियम लावून पाहिले,
शेपूटसुद्धा हाती लागली नाही.

"त्यात काय शोधायचं, म्याडम?"
गेटवरचे सिद्रामप्पा म्हणाले, अक्कलकोटकडचे.
"आमच्या कन्नडात मुंगुसीच की."
कँटीनमधल्या पोशव्वा आमटी वाढता वाढता थांबल्या.
"आमची आई मुंगिस म्हणायची. तेलुगूत."
दोघं एकमेकांकडे बघून हसले,
लग्नात अचानक सोयरे निघावेत तसे.
आता कुणी कुणाकडून नेला हा शब्द?
शेजारणीकडून विरजण आणलं
तर ते कोण लिहून ठेवतं?

पुढचा प्रवास मात्र कागदावर सापडतो.
आपल्या किनाऱ्यावरून गलबतात बसला,
पोर्तुगीजांच्या तोंडात वळला,
फ्रेंचांकडे पोचेपर्यंत मांगूस्त झाला,
आणि बाईमाणूस.
हिंदीत तो, फ्रेंचात ती,
आमच्याकडे ते.
इंग्रजांनी तर त्याच्या शेपटीला हंस चिकटवला.
अनेकवचन करताना त्यांची पोरं अजून चुकतात
म्हणे.
मराठीने जगाला काय दिलं,
असं व्याख्यानांत अधूनमधून विचारतात.
मागच्या रांगेत बसून मी हात वर करत नाही.
मुंगूस दिलं, म्हणायला हवं होतं.

पौड रस्त्यावर खोली बघायला गेले होते तेव्हा
मालकीणबाईंनी आडनाव दोनदा ऐकलं.
कोनापुरे? मूळच्या कुठल्या?
मी वडिलांचं गाव सांगितलं.
हो, पण त्याआधी?
त्याआधीचा रकाना
आमच्या घरात कुणी भरलेला नाही.
बाईंच्या कपाळावर पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह उमटलं.
खोली मिळाली, पण दोन महिन्यांचं जास्त डिपॉझिट घेऊन.

आज दुपारी डबा घेऊन मागच्या बाजूला बसले,
जिथे गंजलेली कपाटं उलटी टाकलीत
आणि येरवड्याचा रस्ता भिंतीपलीकडे करकचून हॉर्न वाजवतो.
भिंतीच्या भगदाडातून ते आलं.
पोट जमिनीला, घाई नेहमीची.
लहानपणी आम्ही याला देवाची शपथ घालायचो,
वळून बघ म्हणून.
कुणी बघत नाहीसं पाहून मी हाक मारली.
नकुला.
नाही.
नेवले.
नाही.
मुंगसा, ए मुंगसा.
थांबलं. मान वळवली.
तांबडे डोळे, नाकावर मातीचा ठिपका.
माझ्याकडे बघितलं की डब्यातल्या आम्लेटकडे,
खात्रीने सांगता येत नाही.
चिठ्ठीवर यातलं काहीच लिहिता येत नाही.

परत येऊन 'सं.' खोडलं.
'दे.' लिहिलं. देशी.
जुने कोशकार हेच लिहायचे
शब्द इथलाच आहे
आणि आईबाप सापडत नाहीत, तेव्हा.
किती दिवस मला ती हार वाटत होती.
प्रश्नचिन्ह राहू दिलं,
ते सरांच्या हातचं आहे.

जिन्यात त्यांच्या चपला वाजतायत.
पेन्सिलीला टोक काढून ठेवते.