परिचय : शब्दमर्यादा एकशेवीस

बार असोसिएशनच्या वार्षिक जेवणाच्या पत्रिकेत छापायला
माझा परिचय हवाय, शुक्रवारपर्यंत.
जुना आहेच, टिल्डा म्हणाली, फक्त आकडा बदलायचा,
सव्वीस वर्षांच्या जागी एकतीस.

मारेन टॉलेफसन. वकील. डुलुथ, मिनेसोटा.
कंपन्यांचे वाद, करारभंग, भागीदारीतले तंटे, जमिनीच्या हद्दी.
राज्याच्या आणि संघीय न्यायालयांत काम करण्याची सनद.
इथवरचं मी शपथेवर सांगेन.

शिक्षण: सेंट पॉलचं रात्रीचं लॉ स्कूल.
दिवसा विमा कंपनीच्या तळघरात टपाल लावायचे,
हे त्यात नाही.
उन्हाळ्यात घरी, बंदरावर, धान्याच्या कोठारात पावत्या फाडायच्या,
आणि वर, पिठूळ काचेमागे, बाबा वजनकाट्यापाशी उभे.
तीस वर्षं जहाजांत गहू तोलून दिला त्यांनी,
नॉर्वेहून आलेल्या मावसभावालासुद्धा एक पसा जास्त नाही.
म्हणायचे, काट्याला ओळख नसते, पोरी.
हे वाक्य मी ज्यूरीसमोर निदान नऊदा वापरलंय.

पहिला खटला: दोन शेजारी, एक बोटहाऊस,
सोळा इंच सरकलेलं कुंपण.
चार वर्षं लढले. शेवटी दोघांनीही
आपापली जागा विकली, मिनियापोलिसच्या एकाच दंतवैद्याला.
त्यानं आल्या आल्या कुंपण काढून टाकलं.

मग पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, भाऊ आणि बहीण,
आणि करारातला ‘वाजवी’ हा शब्द.
त्याचा अर्थ काय, यावर अकरा दिवस साक्षी झाल्या.
कागदपत्रांची दोनशे खोकी आली,
सगळी त्यांच्याच कारखान्याची.
फी मी वाजवी घेतली.

‘अनेक कंपन्यांची बाजू यशस्वीरीत्या मांडली.’
इथे पेन थांबतं.

आर्वो किन्नुनेन. टू हार्बर्सला वेल्डिंगचं दुकान.
माझ्या अशिलाचा कन्व्हेयर त्यानं जानेवारीत दुरुस्त केला,
सरोवरावरून सुरीसारखा वारा येत असताना,
ठरल्यापेक्षा दुप्पट काम, कारण आतलं लोखंड सडलेलं निघालं.
फोन करून कळवलं त्यानं.
कलम चौदा म्हणत होतं: लेखी, दहा दिवसांच्या आत.

ही सही तुमचीच?
हो.
वाचून केली होती?
त्यानं हातांकडे पाहिलं. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं.
मी थांबले. थांबणं कुठे, किती,
हे कुठल्याच लॉ स्कूलमध्ये शिकवत नाहीत, पण येतं.
ज्यूरी चाळीस मिनिटांत परत.
अशिलानं संध्याकाळी धुरावलेल्या माशांची पेटी पाठवली.
मी ती खाल्ली. चांगली होती.

गेल्या फेब्रुवारीत किल्ली करून घ्यायला
हार्डवेअरच्या दुकानात गेले.
काउंटरमागे तोच. केस पांढरे, छातीवर नावाची पट्टी.
त्यानं मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही.
किल्ली घासली, उजेडात धरली,
त्या बिननखाच्या अंगठ्यानं कड तपासली,
पुन्हा घासली, जरा जास्तच वेळ.
तीन डॉलर, वीस सेंट.
पावती पुढे सरकवली आणि म्हणाला,
वाचून घ्या.

सगळ्यांनाच म्हणत असेल.
मी मात्र वाचली, तिथेच, हातमोजे काढून.
तारीख, रक्कम, कर,
परत घेतली जाणार नाही, हे खाली बारीक अक्षरात.
घरी आले तर किल्ली पहिल्याच फेऱ्यात फिरली.

आज टिल्डाला मसुदा परत दिला,
‘यशस्वीरीत्या’वर काट मारून.
तिनं मोजलं. एकशे एकोणीस.
म्हणाली, एका शब्दाची जागा उरतेय. छंद वगैरे काही?

खाली बंदरातून एक जहाज भोंगा देत निघालं होतं,
पोट पाण्याला टेकलेलं, म्हणजे भरलेलं.
कोणी तोललं असेल आता.

लिही, म्हटलं,
वाचन.