लाइट आल्यावर

सोमवारी उद्यमनगरात शटरं खाली असतात,
म्हणून सोमवारीच उघडलं मी.
अण्णांचा साडेचार फुटी लेथ
अकरा वर्षं गोणपाटाखाली बसून होता,
परक्या घरी बसावं तसा, अंग चोरून.

आई म्हणाली, "भंगारवाला किलोवर घेतो म्हणतोय.
बिडाला भाव बरा आहे. मी सांगतो तुला, देऊन टाक."
मी रॉकेलचा डबा नि तारेचा ब्रश घेऊन गेले.

आधी निघाली धूळ,
मग डांबरासारखं ग्रीस,
मग खंडेनवमीचे थर:
हळद, कुंकू, तेल, पुन्हा हळद,
एकावर एक, घट्ट, खरवडून काढावे असे.
मधे एक थर नुसत्या हळदीचा.
ते वर्ष मला ठाऊक आहे.
आमचा दसरा सीपीआरच्या वॉर्डात झाला होता,
आणि दस्तगीरचाचांना कुंकवाची डबी सापडली नव्हती.

गोष्ट एवढीच आहे.
लाइट गेली होती.
अण्णांना वाटलं, तोवर गियर बदलून घेऊ.
खटक्याचा स्विच, दाबलेला तसाच राहायचा.
लाइट आली.
गल्लीत पोरं ओरडली, "आली, आली!"

चाचा आले, बेडवर डायल फिरवली,
चष्मा कपाळावर सरकवला.
"चकाजवळ सहा थाऊ खाल्लाय.
बारकी कामं करायचा की तुझा बाप,
तिकडं टोकाला गेलाच नाही कधी."
खरंच, टेलस्टॉककडचा बेड नवरदेवासारखा कोरा होता.
मग निळा लावायचा, सरळपट्टी फिरवायची,
निळं उमटेल तिथं खरवडायचं,
पुसायचं, पुन्हा निळा.
तीन महिने माझी नखं निळी होती.
बँकेतल्या बाईंनी विचारलं, नवीन फॅशन का?

कापडात गुंडाळलेल्या वायरी
खारीसारख्या हातात चुरल्या.
अर्थिंग नव्हतंच, कधीच नव्हतं.
मागे खड्डा काढला, मीठ नि कोळसा भरला,
तांब्याची पट्टी सोडली, वर दोन बादल्या पाणी.
पट्ट्याला जाळी. गियरांना पत्र्याचं झाकण, पिवळं.
चकाच्या चावीला स्प्रिंग,
हात सोडला की उडून बाहेर येते,
विसरायची सोयच ठेवली नाही.
हाताला लागेल तिथं मोठं लाल बटण.
चाचा हसले, "लेथला हेल्मेट घातलंस की गं."
मग गप्प झाले,
झाकणाचा एक सैल स्क्रू स्वतःच आवळला.

सगळं बदललं, एक मूठ सोडून.
क्रॉस-स्लाइडची, पितळेची.
सगळीकडून आरशासारखी,
फक्त तर्जनी टेकते तिथं काळपट, खरबरीत.
"बफ मारून आणू काय?"
नको म्हटलं.
मी धरते तेव्हा माझं बोट
नेमकं तिथंच पडतं.

पहिलं काम कळंब्याच्या धोंडिराम खाड्यांचं,
रसवंतीच्या चरकाची बुश.
कातरण निळी होऊन कुरळत होती,
आणि ऐन कटात
लाइट गेली.

हात आपणहून पिवळ्या झाकणाकडे गेला.
रक्तातच असेल.
मी तो ॲप्रनच्या खिशात कोंबला.

दहा मिनिटं. दारात एक कुत्रं येऊन गेलं.
मग पंखा हलला, शेजारचा कॉम्प्रेसर धडधडला,
पलीकडे कुणाचा तरी रेडिओ
बातमीच्या मध्यातून बोलायला लागला.
मशीन जागचं हललं नाही.

चाचा स्टुलावर होते. बराच वेळ बघत राहिले.
"विचारल्याबिगर फिरत न्हाई आता," म्हणाले,
आणि तोंड वळवून चहा सांगायला गेले.

मी चष्मा खाली ओढला,
हत्यार मागे घेतलं,
हिरवं बटण दाबलं.
बुशीचं भोक अजून अर्धा मिलिमीटर कमी होतं.