भाता

रत्नाक्का मगदूमची कॅसेट म्हणायची सोय नाही आता,
अल्बम म्हणायचं,
आणि तो हातात येत नाही, मोबाईलमध्ये असतो.
सात गाणी.
त्यातल्या एकातही माझी पेटी नाही.

बेचाळीस वर्षं मी तिच्या डाव्या अंगाला बसलो.
चिकोडीच्या उरुसात, संकेश्वरला रथाच्या रात्री,
यमकनमर्डीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर,
खडकलाटला एकदा लाईट गेल्यावर
नुसत्या कंदिलाला.
ती काळी चारमध्ये गायची.
साठीनंतर काळी दोन,
आता पांढरी एक, तीही दम बघून.
तिचा आवाज उतरत गेला
तसा मी पट्टी उतरवत गेलो
लोकांना कळू न देता.
तिला कळत होतं. बोललो नाही कधी.

पोरं नवी. बसू हुद्दार, अन्वर मुल्ला,
आणि खानापूरची प्रणिता, बास गिटार तिच्याएवढीच उंच.
निपाणीत, हायवेच्या अलीकडं,
तंबाखूच्या बंद वखारीत त्यांनी स्टुडिओ केलाय.
भिंतीला अंड्यांचे ट्रे, दाराला वाकळ.
वास मात्र गेलेला नाही.
पहिल्या दिवशी रत्नाक्का उंबऱ्यात थांबली.
"हितंच बसत होतो की आम्ही बायका, चाळण घेऊन.
त्या खांबाबुडी माझी जागा."
मग सणसणून शिंकली.
माईक त्या खांबाशीच लागला.

बसू म्हणाला, अज्जी, तुम्ही गाताय ना,
त्याला तिकडं सोल म्हणतात.
"सोल? चपलेचा?"
पोरं हसली. ती हसली नाही.
"आसंल. झिजतोय तर खरं."

पुढं एक फॉर्म भरायचा होता.
भाषा कोणती? एकच निवडा.
धृपद कन्नड, कडवी मराठी,
मधली हाक वखारीतली, तिला नाव नाही.
अन्वरचं बोट काचेवर वर-खाली, वर-खाली.
"मगा मी शिंकले," रत्नाक्का म्हणाली,
"ते कुठल्या भाषेत रे?"
शेवटी काय टाकलं, मी विचारलं नाही.
चौकात विचारतात तेवढं पुरे आहे.

पण गाणं काही बसेना.
कानात हेडफोन, हेडफोनात टकटक,
ती टकटकीच्या मागं राहायची नाहीतर पुढं धावायची.
दोन दिवस गेले.
तिसऱ्या दिवशी तिचा निरोप आला.
मी इस्त्रीचा सदरा घातला, पेटी रिक्षात घातली.

प्रणिता अदबीनं म्हणाली, आजोबा, सूर नकोत,
सूर आमच्याकडं भरलेत.
मी पेटीला फडकं गुंडाळायला लागलो.
"मास्तर, बांधू नका," खांबापासनं आवाज आला.
"नुसता भाता हलवा. माझ्या म्होरं बसून."

कळ न दाबता भाता.
असं मी कधी वाजवलं नव्हतं.
जुनं चामडं, दोन जागी चिकटपट्टी,
तिथून वारा निसटायचा,
हुस्स.
तिनं एका कानावरचा हेडफोन मागं सारला
आणि माझ्या हाताकडं बघत राहिली,
तवा तापायची वाट बघावी तशी.
भाता उघडला की तिची छाती भरायची.
मिटत आला की शब्द.
टकटक कुठंतरी चालूच असेल,
आम्हाला ऐकू आली नाही.

बसू म्हणाला होता, ती हवा नंतर पुसून टाकू.
पुसली नाही.
चौथ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याच्या आधी,
गिटार गप्प, ती गप्प,
आणि तेवढ्यात, हुस्स.
नातवाचा मोबाईल कानाला लावून
मी तेवढंच मागं मागं नेऊन ऐकतो.

नावांच्या यादीत वाद्य लिहावं लागतं म्हणे.
प्रणितानं लिहिलंय,
गुंडू लोहार : वारा.
माझ्या बापानं जन्मभर भाता ओढला
नांगराचे फाळ लाल करायला,
त्याचं नाव कुठल्या फाळावर नव्हतं.

पैसे अजून आलेले नाहीत.
यंदा पेटीचं चामडं बदलणार होतो,
कारागीर बेळगावहून येऊन बसला होता ओट्यावर.
त्याला चहा दिला,
आणि राहू दे म्हटलं.