रकाना सात

यादीत तिचं नाव नव्हतं.
यादी उपचार झालेल्यांची; समाधान त्यांनाच विचारायचं.
विडी घरकुलात, दुपारी दोनच्या उन्हात
मी शेजारचं घर विचारायला थांबलो, एवढंच.

सायम्मा मेरगू. मांडीवर सूप, ओली कापलेली पानं,
बोटं माझ्याकडं न बघता चालूच.
फॉर्मवर पाच चेहरे छापलेत, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.
ती म्हणाली, ह्यात माझं तोंड कुठलं, तूच बघ.

मग अंगठा पुढं केला.
चाळीस वर्षं पान वळून
जुन्या चवलीवरल्या राजासारखा पुसलेला.
“पोटात गाठ हाय. तीनदा गेले. तीन दिवसाच्या विड्या गेल्या.
मशीन म्हणतं, ही बाई न्हाईच.
ब्रँचला मुनीम वाकड्या विड्या बाजूला सारतो ना, छाट म्हणून?
तिथं मीच छाट.”

पुढचं ती तेलुगूत बोलली, भराभर.
सून नीलवेणी मराठीत सांगत गेली,
मी सरकारी मराठीत लिहीत गेलो.
कागदावर पोचेपर्यंत
रागाची ‘गैरसोय’ झाली होती.
खोडलं.

रकाना सात: इतर सूचना. जागा दीड ओळ.
एव्हाना गल्ली जमली होती,
ज्या त्या बाईचा अंगठा माझ्या नाकासमोर.
पिशवीतलं शाईचं पॅड काढलं, फॉर्म पालथा केला.
अकरा जणी.
अकरा निळे डाग,
एकातही रेघ नाही.

साहेब म्हणाले, मागची बाजू स्कॅन होत नाही.
आणि ह्या लाभार्थी कुठायत?
मी म्हणालो, सर, तेच लिहिलंय.
त्यांनी कागद उजेडाला धरला. बराच वेळ.
चहा आला, निवला.

चार महिन्यांनी दवाखान्याच्या खिडकीवर चिठ्ठी लागली:
अंगठा न उमटल्यास डोळ्यांची नोंद घ्यावी.
वाचली आणि थेट घरकुलात गेलो,
जणू मीच ती चिकटवली होती.

सायम्मानं ऐकून घेतलं. दोरा दातानं तोडला.
मान वर केली तेव्हा दिसलं,
डाव्या डोळ्यात दुधाचा थेंब पडल्यासारखा मोतीबिंदू,
उजव्यात पडू लागलेला.

“बरं झालं,” ती म्हणाली, “ऐकतेत म्हणायचं.
आता बस खाली.
आठवा रकाना काढ.”